दातांची विचारपूस : गेलेल्या दाताच्या जागेचं काय करायचं?

या वेळच्या टपालात दात बसवण्याबद्दलची पत्रं इतकी आली, की हा सगळा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला दात) करू की इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेला दात), कवळी का हलते, एवढ्या वयात खर्च करावा का, असे प्रश्न आहेत. कृत्रिम दात बसवणं हाच माझ्या एम.डी.एस.चा विषय होता आणि ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या दवाखान्यात रोज माझ्या हाताखालून हेच काम जातं. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. दात कुठला बसवायचा हे सगळ्यांनी विचारलंय, पण आधीचा दात कशानं गेला हे फार थोड्यांनी लिहिलंय. किडीनं, पायरियानं, मार लागून, की तंबाखूनं? मी पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारते. खरा दात ज्या कारणानं गेला ते कारण तोंडात तसंच राहिलं, तर बसवलेला दातही फार दिवस टिकत नाही.

चार वर्षांपूर्वी खालची डावीकडची दाढ काढली. दिसत नाही, दुखत नाही, म्हणून राहून गेलं. सवयीनं उजवीकडूनच जेवते. हल्ली वरची दाढ खाली उतरल्यासारखी वाटते, मागची दाढ पुढे झुकलीय आणि मध्ये अन्न अडकतं. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. वय ४७. आता बसवून उपयोग आहे का?
— एक शिक्षिका, कोपरी, ठाणे

ताई, उपयोग आहे. फक्त काम थोडं वाढलंय.

तुम्ही जे लिहिलंय ते अगदी ठरल्यासारखं घडतं. दातावर समोरचा दात दाबत असतो आणि दोन्ही बाजूंचे शेजारी त्याला धरून असतात. मधला एक गेला की समोरची दाढ त्या पोकळीत उतरत जाते आणि मागची पुढे कलते. कललेल्या दाढेच्या कुशीत ब्रश पोचत नाही, तिथे अन्न साठतं आणि तिथलीच हिरडी आधी बिघडते. हाडाची झीज तर आणखी लवकर सुरू होते. दात काढल्यावर त्या जागच्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षभरात जवळजवळ निम्म्यानं कमी होऊ शकते आणि त्यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. हे दुखत नाही, आरशात दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तुमचे डॉक्टर 'आधी यायला हवं होतं' म्हणाले ते यामुळे.

आता करायचं काय? आधी एक्स-रे काढून वरची दाढ किती उतरलीय ते बघावं लागेल. थोडीच उतरली असेल तर घासून सारखी करता येते. जास्त असेल तर तिचं रूट कॅनल करून कॅप बसवावी लागते. कललेली दाढ तारा लावून उभी करता येते आणि ४७ हे त्यासाठी अजिबात जास्त वय नाही. खूप जण इथे 'आता या वयात तारा?' म्हणून थांबतात. तसं थांबू नका. फक्त तेवढ्याच भागात, काही महिन्यांसाठी लावायच्या असतात.

मग प्रश्न ब्रिज की इम्प्लांट. माझा निर्णय शेजारच्या दातांवरून होतो. दोन्ही शेजारी धडधाकट असतील, त्यांना कीड नसेल, तर ब्रिजसाठी त्यांना चहूबाजूंनी घासणं माझ्या जिवावर येतं. दातावरचं एनॅमल एकदा घासलं की पुन्हा येत नाही. शिवाय ब्रिजमध्ये तिन्ही दात एकमेकांना बांधलेले असतात. पुढे एका खांबाला कीड लागली की तिन्हींचं काम पुन्हा काढावं लागतं. अशा वेळी हाड पुरेसं असेल तर इम्प्लांट बरं. पण शेजारच्या दोन्ही दाढांवर आधीच कॅप असेल, किंवा त्यांत मोठाली सिमेंटं भरलेली असतील, तर त्यांना नाहीतरी कॅप लागणारच आहे. तिथे ब्रिज केला तर ऑपरेशन वाचतं, महिने वाचतात आणि पैसेही वाचतात. इम्प्लांट नवं आहे म्हणून ते प्रत्येकाला चांगलंच, असं मी मानत नाही. ब्रिज केलात तर त्याच्या पोटाखालून रोज रात्री सुपरफ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा खास जाड दोरा, फिरवायचा. हे न जमणाऱ्याला मी ब्रिज देताना दहादा विचार करते.

आणि प्रत्येक जागा भरायलाच हवी असंही नाही. अक्कलदाढ गेली तर तिच्या जागी काही बसवत नाहीत. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि तिच्यासमोर चावायला दाढच नसेल, तर मी ती जागा सोडून द्यायला सांगते. तुमची मात्र मधली आहे, तिच्यावर चावण्याचा मोठा भार असतो.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक विनंती. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. कुठलाही दुधाचा दात न पडता मागच्या बाजूला आपली आपण उगवते, त्यामुळे आईवडिलांना वाटतं हीही दुधाचीच, पडेल. ती किडते आणि मोठेपणी तीच काढावी लागते. पहिलीच्या वर्गाच्या पालकसभेत एवढं एक वाक्य सांगाल का? ही दाढ कायमची आहे, तिच्या जागी दुसरी येत नाही.

बाजारात आयुष्यभर गोणी उचलल्या. आता वय ७२. सगळे दात गेले, दोन वर्षांपूर्वी कवळी केली. वरची छान बसते. खालची बोलताना वर येते, भाकरी खाताना टोचते. कानशीनं थोडी घासूनही बघितली. घरचे म्हणतात सवय होईल. लग्नाकार्यात पंगतीला बसायचं सोडलंय. यावर काही आहे का?
— एक निवृत्त माथाडी कामगार, कोपरखैरणे

काका, दोन वर्षं हा काही सवयीचा काळ नव्हे. नव्या कवळीची सवय काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत व्हायला हवी. त्यानंतरही टोचत असेल तर दोष तुमच्या सवयीचा नाही. कवळी तपासायला हवी.

खालची कवळी हलते याची कारणं तोंडाच्या रचनेतच आहेत. वरच्या कवळीला अख्खी टाळू मिळते. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडेनं हवा शिरत नाही, म्हणून ती चिकटून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही. घोड्याच्या नालासारखी अरुंद पट्टी, तीही जीभ आणि गाल यांच्या मधोमध. जीभ हलली की कवळी उचलली जाते. त्यात दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट वेगानं झिजतं. ज्या उंचवट्यावर कवळी बसते तोच काही वर्षांत सपाट होतो. मसाला बाजारातल्या, भाजी बाजारातल्या तुमच्या वयाच्या कितीतरी माणसांच्या तोंडात मी हेच बघते, कारण त्यांचे खालचे दात फार आधी गेलेले असतात.

पहिला उपाय स्वस्त आहे. दात काढल्यावर लगेच कवळी केली असेल तर नंतर हाड उतरलं आणि कवळी सैल झाली. तिला आतून नवा थर देता येतो, त्याला आम्ही रिलायनिंग म्हणतो. दातांचा चावा नीट जुळत नसेल तर तोही दुरुस्त करता येतो. दवाखान्यात जाल तेव्हा आदल्या दिवशी कवळी घालून जेवा आणि घालूनच या. टोचलेली जागा लाल दिसली की नेमकं कुठे घासायचं ते कळतं. खूप जण टोचते म्हणून आठवडाभर डबीत ठेवतात आणि मग येतात, तेव्हा हिरडी बरी झालेली असते आणि मला अंदाजानं काम करावं लागतं. कानस मात्र पुन्हा लावू नका. एक कण जास्त गेला तर कडेचा बंद सुटतो आणि तो घरी परत येत नाही.

दुसरा उपाय खर्चाचा आहे, पण तुमच्यासाठी मला तो फार मोलाचा वाटतो. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, हनुवटीच्या भागात, दोनच इम्प्लांट बसवायचे. पुढे दात नसले तरी तिथलं हाड बरंच शाबूत असतं. त्या इम्प्लांटवर छोटी बटणं असतात आणि कवळीच्या आतून त्यांच्या जोड्या. झबल्याच्या टिचबटणासारखी कवळी दाबून बसते आणि रात्री काढताही येते. २००२ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलला, मॅकगिल विद्यापीठात, या विषयातले तज्ज्ञ जमले होते. सगळे खालचे दात गेलेल्या माणसाला दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय म्हणून सुचवावा, असं त्यांनी एकमतानं मांडलं. बसवायचे आहेत म्हणून सहा-आठ इम्प्लांट बसवा असा आग्रह कोणी धरला तर कारण विचारा. तुमची जुनी कवळी चांगली असेल तर तिलाच बटणं जोडता येतात, नवी करावी लागेलच असं नाही.

तोपर्यंत काही गोष्टी करून बघा. पुढच्या दातांनी तोडू नका. पेरू असो की भाकरी, हातानं तुकडा करून दोन्ही बाजूंच्या दाढांवर एकदम ठेवा. भाकरी कालवणात कुस्करून खाण्यात काही कमीपणा नाही. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून टेकलेलं ठेवायची सवय करा, जीभ मागे ओढली की कवळी उचलते. बोलताना अडत असेल तर सकाळचा पेपर मोठ्यानं वाचा. 'स' आणि 'च'ची अक्षरं आठवड्याभरात सुधारतात.

रात्री कवळी काढून गार पाण्यात ठेवायची. हिरडीला विश्रांती लागते. रात्रंदिवस घालणाऱ्यांच्या टाळूवर बुरशीचा लाल चट्टा उठतो. कोरडी ठेवली की तिचा आकार बिघडू शकतो, उकळत्या पाण्यात तर नक्कीच बिघडतो. टूथपेस्टनं घासू नका, तिच्यातल्या खरबरीत कणांनी ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे. धुताना खाली पाण्यानं भरलेली बादली ठेवा. बेसिनवर आपटून दोन तुकडे झालेल्या कवळ्या माझ्याकडे सतत येतात.

आणि हे फार महत्त्वाचं. कवळीच्या कडेला झालेली जखम कवळी काढून ठेवल्यावर दोन आठवड्यांत भरली नाही, तर तपासून घ्यायचीच. पत्रात तुम्ही तंबाखूचं काही लिहिलेलं नाही. खात असाल तर मग तर एक दिवसही थांबू नका. न भरणारी जखम कॅन्सरची असू शकते आणि लवकर कळली तर उपचार होतात.

पंगत सोडू नका काका. कवळी दुरुस्त होईपर्यंत शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेवा आणि मसालेभात, वरण, श्रीखंड यांच्यावर ताव मारा.

वरचा सुळा किडलाय, डॉक्टर काढायला सांगतात. शेजारच्या मावशी म्हणतात, वरचा दात काढला की डोळ्याला त्रास होतो. खरं आहे का?
— एक गृहिणी, कळवा

नाही. वरच्या दातांना संवेदना देणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दोघी मेंदूतून निराळ्या निघतात. ज्या वयात दात जातात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, म्हणून लोकांनी दोन्हींची सांगड घातली. उलट, वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर सूज डोळ्याखालपर्यंत चढते, पापणी मिटते. म्हणजे डोळ्याच्या काळजीनंच सडका दात लवकर दाखवायला हवा. एकदा विचारून घ्या की रूट कॅनलनं तो वाचतो का. सुळ्याचं मूळ सगळ्यात लांब असतं. वाचवता येणारा सुळा मी काढत नाही.

वडिलांना गावच्या जत्रेत एका माणसानं अर्ध्या तासात चार 'फिक्स दात' बसवून दिले. डॉक्टरपेक्षा खूपच कमी पैसे घेतले. आता हिरडी सुजलीय, वास येतो, शेजारचे चांगले दातही हलायला लागलेत. काढायचे कसे?
— घणसोलीहून एक मुलगा

घरी ओढून काढू नका, शेजारचे दात सोबत येतील.

या कामात काय केलेलं असतं ते सांगते. अ‍ॅक्रिलिकची पावडर आणि द्रव कालवून तो लगदा थेट हिरडीवर आणि शेजारच्या दातांभोवती थापतात, आत तार घालतात, त्यात तयार दात खुपसतात. लगदा घट्ट होताना गरम होतो आणि त्यातलं रसायन हिरडी भाजतं. किडलेली मुळं खाली तशीच असतात. वर कायमचं झाकण बसल्यामुळे ब्रश जात नाही, खाली अन्न कुजतं आणि चांगल्या दातांचं हाड खाल्लं जातं. काही जण वरच्या कवळीला आतून रबराची चकती लावतात, चिकटून राहावी म्हणून. तिच्या ओढीनं टाळूचं हाड विरघळून आरपार भोक पडलेलं मी पाहिलंय. पाणी प्यायलं की नाकातून यायचं.

दंतवैद्य हा लगदा ड्रिलनं तुकडे करून काढतील. मग सफाई आणि एक्स-रे. हलणारे दात लगेच काढायची घाई करू नका. कारण दूर झाल्यावर काही दात पुन्हा घट्ट होतात. नवे दात त्यानंतर.

वडिलांना रागावू नका. पैशांसाठीच माणूस तिकडे जातो, आणि त्यासाठीच हे सांगते. नेरूळ, खारघर आणि कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरची गाडी तुम्हाला नेरूळला सोडते. कामोठ्यासाठी मानसरोवर स्टेशन. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे. शिकणारे विद्यार्थी काम करतात, पण प्रत्येक पायरीवर प्राध्यापक तपासतात. खेपा जास्त पडतात, सकाळी लवकर जाऊन नंबर लावावा लागतो, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. कुठेही गेलात तरी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा. कायद्यानुसार राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कोणालाही हे काम करता येत नाही.

सासूबाई ६८ वर्षांच्या. हाडं ठिसूळ झाल्यामुळे चार वर्षं आठवड्यातून एकदा गोळी घेतात. मधुमेह आहे. दोन दाढा काढून इम्प्लांट बसवायचे ठरलेत, तारीखही मिळाली. दवाखान्यात औषधांबद्दल कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. दातांशी त्याचा संबंध असतो का?
— नेरूळहून एक सून

संबंध आहे. पुढच्या भेटीची वाट न बघता आजच फोन करून सांगा.

ठिसूळ हाडांसाठी आठवड्याला घ्यायची गोळी बहुधा अ‍ॅलेन्ड्रोनेट किंवा त्याच कुळातली असते. वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं आणि सहा महिन्यांतून एकदा डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात, तेही याच कामाचं. ही औषधं हाडाची झीज थांबवतात. पण जखम भरताना जुनं हाड विरघळून नवं बनावं लागतं आणि तीच क्रिया मंदावलेली असते. त्यामुळे दात काढल्यावर क्वचित जखम भरत नाही, जबड्याचं हाड उघडं पडतं आणि तिथे ते मृत होतं. गोळ्या घेणाऱ्यांत हे फार थोड्या जणांना होतं. कॅन्सरसाठी मोठ्या डोसची इंजेक्शनं घेणाऱ्यांत धोका बराच जास्त असतो. औषध किती वर्षं चाललंय, सोबत मधुमेह आहे का, स्टेरॉइड आहेत का, यावर तो वाढतो. सासूबाईंच्या बाबतीत चार वर्षं आणि मधुमेह, दोन्ही आहेत.

पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डेनोसुमॅब मध्येच थांबवलं तर मणक्याची हाडं मोडल्याची उदाहरणं आहेत. हाडांचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. मी असते तर आधी त्या दाढा रूट कॅनल करून वाचतात का हे पाहिलं असतं, कारण न काढलेल्या दाढेची जखमच होत नाही. काढाव्याच लागल्या तर जागा पूर्ण भरू दिली असती आणि इम्प्लांटऐवजी ब्रिजचा विचार आधी केला असता. साखरेसाठी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची चाचणी, करून घ्या. सातच्या आसपास असेल तर मी बिनधास्त काम करते. नऊ-दहा असेल तर आधी साखर, मग दात.

रक्त पातळ करणारी गोळी असेल, किंवा पूर्वी तोंडाला, मानेला रेडिएशन दिलेलं असेल, तर तेही न विचारता सांगायचं. दवाखान्यात जाताना औषधांची पिशवीच उचलून न्या.

मुलगा ९ वर्षांचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळताना तोंडावर आपटला, वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. मी तो नळाखाली घासून धुतला, टिश्यूत गुंडाळला. डॉक्टरकडे पोचेपर्यंत दोन तास गेले. ते म्हणाले, आता बसणार नाही. मला फार लागून राहिलंय. पुढे काय करायचं?
— ऐरोलीहून एक आई

ताई, स्वतःला लावून घेऊ नका. हे कोणी शिकवलेलंच नसतं. शाळेत नाही, टीव्हीवर नाही.

इतरांच्या उपयोगासाठी आधी लिहिते. कायमचा दात असा निखळला तर तो पांढऱ्या भागानं धरायचा, मुळाला बोट लावायचं नाही. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो, दात पुन्हा रुजतो तो त्या थरामुळे. घासलं किंवा सुकलं की तो मरतो. माती लागली असेल तर दुधात किंवा पाण्यात क्षणभर बुचकळून काढा. धीर असेल तर तिथल्या तिथे दात खोबणीत परत बसवा आणि मुलाला रुमालावर चावून धरायला सांगा. नाही जमलं तर गार दुधाच्या पेल्यात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठा. तास उलटला की आशा झपाट्यानं कमी होते. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, त्याच्या वर तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते.

आता तुमच्या मुलाचं. त्याला इम्प्लांट आत्ता चालणार नाही. जबडा वाढतो, बाकीचे दात त्याच्याबरोबर खाली सरकतात, पण इम्प्लांट हाडात जिथल्या तिथे राहतो. काही वर्षांनी तो दात आखूड आणि वर चढलेला दिसतो. मुलग्यांत वाढ थांबायला विशीपर्यंत थांबावं लागतं. तोपर्यंत छोट्या प्लेटवर एक दात बसवून द्यायचा, वाढेल तशी प्लेट बदलायची. थोडा मोठा झाला की शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला दात देता येतो, त्यात दात फारसे घासावे लागत नाहीत. जागा भरलेली राहणं महत्त्वाचं, नाहीतर शेजारचे दात आत कलतात. एक गोष्ट ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे तारा लावून दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाला, आवर्जून विचारा. काही मुलांची दातांची गर्दी कमी करण्यासाठी पुढे एखादी उपदाढ काढावीच लागते. योग्य वयात तीच उपदाढ पुढच्या रिकाम्या जागेत रुजवता येते. मुलाचा स्वतःचा जिवंत दात, जो जबड्याबरोबर वाढतो. सगळ्यांना जमत नाही, पण विचारल्याशिवाय कळणारही नाही.

शाळेत कोणी 'बोळक्या' म्हणून चिडवत असेल तर प्लेट लवकर करून घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला ते फार लागतं.

एका दाढेच्या इम्प्लांटसाठी तीन ठिकाणी विचारलं, तीन ठिकाणी तीन दर. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांत दुपटीहून जास्त फरक. एक जण तीन दिवसांत दात देतो म्हणतो. दाढ हलून हलून पडली होती. वय ३८, दिवसाला पाच-सहा सिगारेटी. कोणाकडे जावं?
— आयटीतले एक गृहस्थ, घोडबंदर रोड

दर विचारताना त्यात काय-काय धरलंय ते लिहून घ्या. इम्प्लांट म्हणजे हाडातला स्क्रू, त्यावरचा जोड आणि वरची कॅप असे तीन भाग. काही जण फक्त स्क्रूचा दर सांगतात. सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) वेगळा, हाड कमी असेल तर हाडाची भर वेगळी. कंपनीचं नाव विचारा आणि इम्प्लांटच्या डबीवरचं क्रमांकाचं स्टिकर मागून घ्या. उद्या तुमची बदली पुण्याला झाली आणि स्क्रूची कॅप सैल झाली, तर तिथल्या डॉक्टरला कुठलं अवजार लागेल ते त्या स्टिकरवरूनच कळतं.

तीन दिवसांचं बोलायचं तर थोडं मागे जाते. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क १९५२ साली सशांच्या हाडांत टायटॅनियमची उपकरणं बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. प्रयोग संपल्यावर ती निघेनात, हाड त्यांना घट्ट धरून बसलं होतं. त्यावर काम करून त्यांनी १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. हाडानं धातूला असं धरायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा. काही पेशंटमध्ये, हाड भरीव असेल आणि स्क्रू पुरेसा घट्ट बसला असेल, तर लगेच दात देता येतो. पण तो बहुधा तात्पुरता असतो आणि त्यावर जोर द्यायचा नसतो. तुमचा स्कॅन न बघता कोणी तीन दिवसांची हमी दिली असेल, तर मी तिथे जाणार नाही.

आता तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ : दाढ हलून हलून पडली. ३८व्या वर्षी दाढ अशी पडते ती वयानं नव्हे, हिरड्यांच्या आजारानं, म्हणजे पायरियानं. सिगारेटमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, रक्त येत नाही, म्हणून आजार लपून राहतो. हाच आजार इम्प्लांटभोवतीही होतो, हाड खातो आणि महागडा स्क्रू हलायला लागतो. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न करणाऱ्यांपेक्षा जास्त आहे. बाकीच्या दातांखालचं हाड किती उरलंय हे आधी कळायला हवं. रक्तातली साखरही एकदा तपासा, बऱ्याच जणांचा मधुमेह पहिल्यांदा हिरड्यांवरून लक्षात येतो.

म्हणून आधी हिरड्यांचा उपचार करून घ्या, त्याबरोबर सिगारेट सोडा, आणि काही महिन्यांनी हिरड्या सुधारल्याचं दिसल्यावर इम्प्लांटची तारीख घ्या. तिघांपैकी कोणाकडे जावं हे विचारलंत, तर ज्यानं दर सांगण्याआधी तुमच्या सगळ्या दातांभोवती बारीक मोजपट्टी घालून हिरडी मोजली, त्याच्याकडे जा. तिघांपैकी कोणीच मोजली नसेल तर चौथा शोधा.